दरारा: खरा किती, ऐकीव किती?



या अंकातला पाठ हिंस्र प्राण्यांवर आहे. हिंस्र म्हणजे दुसऱ्या प्राण्याला मारून खाणारा. पाठ सुरू करण्यापूर्वी चार शब्द नीट समजून घेऊ: भीती, धाक, दहशत आणि दरारा. भीती आपल्याला वाटते. धाक कोणीतरी आपल्याला घालते. दहशत गावभर पसरते. दरारा मात्र थोडा वेगळा. ज्याचा दरारा असतो तो समोर नसला तरी चालते, त्याच्या नुसत्या नावाने माणसे आवाज खाली आणतात. दराऱ्यात भीती असते आणि थोडा मानही असतो.

आज आपण चार प्राण्यांचा दरारा तपासून पाहणार आहोत. त्यातला खरा किती आणि गोष्टींतून आलेला किती, ते तुम्हीच ठरवा.

१. वाघ

वाघाचा दरारा त्याच्या शरीरातच आहे. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या आसपास भरतो. त्याची डरकाळी दोन-तीन किलोमीटरवर ऐकू जाते. शिकारीच्या वेळी मात्र तो अगदी गप्प असतो. चालताना तो नखे पंजात मिटून घेतो. त्यामुळे पावलांचा आवाज होत नाही आणि नखांची धारही टिकते. घरात मांजर असेल तर तिचा पंजा हळूच दाबून पाहा, म्हणजे कळेल. मांजर ही वाघाची मावशी, असे आपण उगाच म्हणत नाही!

या नखांवरूनच एका हत्याराला 'वाघनखे' हे नाव मिळाले. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात पाठवण्यात आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. महाराजांनी वापरली ती हीच का, याची खात्री देता येत नाही, असे लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते.

वाघाविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याच्या बहुतेक झडपा फुकट जातात आणि तो अनेकदा उपाशी राहतो. माणूस हे त्याचे नेहमीचे भक्ष्य नाही. तरीही धोका खोटा नाही. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्यांतले बरेच चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. तिथे मोहाची फुले वेचायला किंवा तेंदूची पाने तोडायला जंगलात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावतात. वाकून काम करणारा माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसत असावा, असे जाणकार म्हणतात.

आता 'वाघोबा' हा शब्द पाहा. विठोबा, खंडोबा, आजोबा यांत जो मानाचा 'बा' आहे, तोच इथेही आहे. ठाणे आणि पालघर भागातले वारली लोक वाघोबाला देव मानतात. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघोबा गावाच्या वेशीवर, रानात दिसतो. दिवाळीच्या सुरुवातीला आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो. त्याच सुमारास अनेक आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. 'वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो' ही म्हण तुम्ही शिकला आहात. म्हणीत तथ्य आहेच. पण वाघोबा म्हणणारा माणूस रानात जरा सांभाळून वागतो, हेही तितकेच खरे.

२. लांडगा

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही? गोष्टीतला लांडगा नेहमी दुष्ट असतो. तो आजीला गिळतो, डुकरांची घरे फुंकून पाडतो. मराठीतही पुष्कळांनी मिळून एकाचा फडशा पाडला की त्याला 'लांडगेतोड' म्हणतात. फक्त 'जंगल बुक'मध्ये उलटे आहे. तिथे मोगलीला वाढवतात ते लांडगेच.

खऱ्या लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच असते: आई, वडील आणि त्यांची पिल्ले. मोठी भावंडे लहानांना सांभाळतात. लांडग्याची ताकद सुळ्यांपेक्षा पायांत आणि एकजुटीत असते. भक्ष्य दमेपर्यंत तो त्याचा पाठलाग करू शकतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर अजून लांडगे आहेत. तिथल्या धनगरांना ते मेंढ्या पळवणारे शेजारी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत.

आपण राहतो त्या देशातही पूर्वी लांडगे होते. १२८१ साली राजा पहिला एडवर्ड याने पीटर कॉर्बेट नावाच्या माणसाला वेल्सच्या सीमेजवळच्या परगण्यांतले सगळे लांडगे मारून टाकायचा हुकूम दिला. पुढे इंग्लंडमधले लांडगे संपले. स्कॉटलंडमधला शेवटचा लांडगा १६८० साली किलिक्रँकीला मारला गेला, असे सांगतात. आज इथला लांडगा प्राणिसंग्रहालयात तेवढा उरला आहे. त्याचा एक परिणाम असा की, स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणांना खाणारे कोणी राहिले नाही. हरणे फार वाढली. ती कोवळी रोपे खाऊन टाकतात, त्यामुळे नवे रान उगवणे कठीण होते.

वेल्समध्ये बेडगेलर्ट नावाचे गाव आहे. तिथे एका कुत्र्याचे थडगे दाखवतात. राजा लिवेलिन शिकारीहून परत आला तेव्हा बाळाचा पाळणा उलथलेला होता आणि गेलर्ट कुत्र्याचे तोंड रक्ताने माखले होते. कुत्र्यानेच बाळाला खाल्ले असे समजून राजाने त्याला मारले. मग दिसले की बाळ सुखरूप आहे आणि शेजारी लांडगा मरून पडला आहे. ऐकल्यासारखी वाटते ना गोष्ट? आपल्या पंचतंत्रात हेच मुंगसाच्या बाबतीत घडते, फक्त लांडग्याच्या जागी साप आहे. दोन्हीकडे शिकवण एकच: नुसत्या दिसण्यावरून कोणाला गुन्हेगार ठरवू नये.

३. तरस

तरसाचे नाव सगळ्यात बदनाम. मागचे पाय आखूड, पाठ उतरती, अंगावर पट्टे आणि खाणे मेलेल्या जनावरांचे. लोकांनी त्याला भित्रे, घाणेरडे, भुताटकीचे ठरवून टाकले. 'हसणारे तरस' म्हणतात ते आफ्रिकेतले ठिपकेदार तरस. महाराष्ट्रातले पट्टेरी तरस फारसा आवाज करत नाही. त्याचे खरे बळ जबड्यात आहे. इतरांनी टाकून दिलेली हाडे ते फोडून खाते आणि रान साफ ठेवते.

तुम्हाला नवल वाटेल, पण तरस इंग्लंडमध्येही होते! १८२१ साली यॉर्कशायरमध्ये कर्कडेल येथे खाणकामगारांना एक गुहा सापडली. तिच्यात तरस, हत्ती, गेंडा आणि पाणघोडा यांची हाडे होती. ती महापुरात वाहत आली असे अनेकांना वाटले. विल्यम बकलंड या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञाने हाडांवरचे दातांचे व्रण तपासले. एका जिवंत तरसाला हाडे खायला घालून ते व्रण जुळवूनही पाहिले. ती गुहा तरसांचे घर होते आणि हाडे त्यांनीच ओढून आणली होती, असे त्याने दाखवून दिले. ऐकीव गोष्ट कशी तपासावी याचा हा छान धडा आहे.

४. बिबट्या

बिबट्या वाघापेक्षा लहान, पण माणसाच्या फार जवळ राहणारा. खेड्यात पुष्कळदा त्यालाही 'वाघ'च म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि बिबट्यांना लपायला जागा मिळाली. उसातच त्यांची पिल्ले जन्मतात. ऊस तोडताना पिल्ले सापडली की वनखात्याची माणसे ती त्याच जागी ठेवून दूर थांबतात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. त्या वेळी तेच सुळे किती अलगद मिटत असतील!

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. तिथे जंगल नाही, शेते आणि वस्ती आहे. तरीही १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आणि तितकीच तरसे असल्याचे त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. या बिबट्यांच्या खाण्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता.

मग माणसांवर हल्ले का होतात? जुन्नर भागात २००१ पासून बिबटे पकडून दूर नेऊन सोडू लागले. हेतू चांगला होता. पण हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते २००१ ते २००३ या काळात १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले, बिथरलेले जनावर अधिक धोक्याचे ठरते, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

याच काळातली एक दुसरी कथाही ऐका. २००९ साली टाकळी ढोकेश्वर गावच्या विहिरीत एक वयस्क बिबट्या पडला. त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. शांत स्वभावामुळे त्याचे नाव पडले 'आजोबा'. महिन्याभरात आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. म्हणजे जवळजवळ लंडनहून साउदॅम्प्टनला! वाटेत त्याने कोणाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये एका वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर २०१४ साली 'आजोबा' हा मराठी चित्रपटही निघाला.

तरी एक विसरू नका. अलीकडच्या वर्षांतही जुन्नर, शिरूर भागात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले आहेत. आपण इथे बसून 'किती देखणे जनावर' म्हणतो, पण उसाच्या कडेला राहणारी आई संध्याकाळी मुलाला हाक मारते तेव्हा तिची भीती ऐकीव नसते. तिला 'घाबरू नका' असा उपदेश करण्यापेक्षा दारात दिवा, घराजवळ शौचालय, मुलांना सोबत आणि वेळेवर येणारे वनखाते यांची जास्त गरज आहे. या देशाने लांडगा संपवून भीती संपवली. महाराष्ट्रातली खेडी अजून जनावरांसोबत राहत आहेत, आणि त्याची किंमत तीच मोजत आहेत. म्हणून मान वाघोबाला द्या, तसाच त्यांनाही द्या.

शब्दार्थ
सुळा: टोकदार लांब दात
भक्ष्य: शिकार करून खायचे जनावर
दबा धरणे: लपून वाट पाहणे
फडशा पाडणे: पूर्ण संपवून टाकणे
बिथरणे: घाबरून किंवा चिडून वेडेवाकडे वागणे
वेस: गावाची हद्द

ध्यानात ठेवा: लंडनच्या रस्त्यांवर रात्री दिसते ते खोकड. कोल्हा वेगळा. गोष्टींच्या पुस्तकांत दोघांची सरमिसळ झालेली असते.

स्वाध्याय
१. 'धाक', 'दहशत' आणि 'दरारा' हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा.
२. गेलर्ट आणि मुंगूस यांच्या गोष्टींत सारखे काय आणि वेगळे काय?
३. मोठ्या गटासाठी: स्कॉटलंडमध्ये लांडगे परत आणावेत का? मेंढपाळाच्या बाजूने पाच वाक्ये आणि रानाच्या बाजूने पाच वाक्ये लिहा.
४. पालकांसाठी: या आठवड्यात आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा मुलांना विचारू द्या, 'तुमच्या गावात वाघ, बिबट्या किंवा लांडगा आला होता का? त्याला काय म्हणायचे?' ऐकलेली गोष्ट मुलांनी आपल्या शब्दांत लिहून आणावी. चांगल्या गोष्टी आम्ही पुढच्या अंकात छापू.