सर्वांत मागच्या सायकलसाठी थांबणे



शांतीसाठी कोणी प्रार्थना करतो, कोणी उपास करतो, कोणी मोर्चा काढतो. काही जण मात्र जथ्याने सायकलवर निघतात आणि हजारो किलोमीटर जातात. सायकल चालवल्याने शांती कशी येणार, असा प्रश्न कोणालाही पडेल. आजच्या पाठात आपल्या महाराष्ट्रातील एका थोर माणसाने काढलेल्या सायकल यात्रेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू या.

१. भारत जोडो

ते दिवस कठीण होते. पंजाब हिंसाचाराने होरपळत होता. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि पाठोपाठ दिल्लीत व इतरत्र हजारो निरपराध शिखांचा बळी गेला. समझोत्यासाठी पुढे आलेले संत हरचंदसिंग लोंगोवाल यांचीही ऑगस्ट १९८५ मध्ये हत्या झाली. देश तुटतो की काय, अशी भीती लोकांना वाटू लागली होती.

अशा वेळी आनंदवनात कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या बाबा आमटे यांनी ‘भारत जोडो’ची हाक दिली. साने गुरुजींच्या जन्मदिनी, २४ डिसेंबर १९८५ रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, कन्याकुमारीहून काश्मीरकडे यात्रा निघाली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते. बाबांनी सत्तरी ओलांडली होती. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नसे, म्हणून ते गाडीत आडवे पडून बरोबर राहिले. अंतर होते सुमारे पाच हजार किलोमीटर. पुढे १९८८-८९ मध्ये दुसरी यात्रा अरुणाचल प्रदेशातील इटानगरहून गुजरातमधील ओखापर्यंत गेली. ती सुमारे साडेसात हजार किलोमीटरची होती.

माणसाचे हात उभारणीसाठी आहेत, मारण्यासाठी किंवा मागण्यासाठी नाहीत, हा या यात्रेचा संदेश होता.

२. सायकलच का?

हा संदेश रेल्वेने जाऊन, सभा घेऊनही देता आला असता. मग एवढे कष्ट कशासाठी?

पहिले कारण असे, की सायकलस्वार रिकाम्या हाताने येतो. मोटारीत बसलेल्याच्या काचा बंद असतात, पाण्याची बाटली जवळ असते. गाव आले कधी आणि गेले कधी, हे त्याला कळतही नाही. सायकलस्वाराला मात्र तहान लागते, रस्ता विचारावा लागतो, रात्री कोणाच्या तरी छपराचा आसरा घ्यावा लागतो. ज्याच्या घरचे पाणी आपण प्यायलो, ज्याच्या ओसरीवर झोपलो, त्याला परका म्हणणे पुढे जड जाते. देण्यापेक्षा घेण्यातही नम्रता लागते, हे तो वाटेवर शिकतो.

दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. जथ्याने सायकल चालवताना वेग ठरवतो तो सर्वांत मागे असलेला. पुढे असणाऱ्याला समोरच्या वाऱ्याचा जोर सोसावा लागतो आणि मागच्यांचे श्रम वाचतात, म्हणून पुढची जागा आळीपाळीने घ्यायची असते. पंप आणि पंक्चरचे सामान घेऊन एक जाणकार मुद्दाम शेवटी राहतो. एकाचे चाक बसले की सगळे थांबतात. आपल्या शेजारच्या देहूहून निघणाऱ्या पालखीच्या दिंड्यांतही सर्वांच्या बरोबरीनेच चालायचे असते. भाषा, जात, धर्म वेगळे असणाऱ्यांनी महिनोन्‌महिने असे एकमेकांसाठी थांबणे, हाच शांतीचा सराव आहे. भाषणातून तो होत नाही.

३. निसर्गाशी समेट

शांती केवळ माणसामाणसांतली नसते. बाबा आमटे १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले आणि धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले. सार्वजनिक वाहनाने जाणे, एकाच मोटारीत अनेकांनी मिळून जाणे अशा साध्या सवयींचेही मोल त्यांनी त्यात सांगितले आहे.

सायकल हे याचे सोपे उदाहरण. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कामावर जाऊन-येऊन रोज दहा किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर लिटरला पन्नास किलोमीटर जाणारी मोटारसायकलही वर्षाला साठ लिटर पेट्रोल पिते आणि सव्वाशे किलोहून अधिक वायू हवेत सोडते. सायकलला लागते ती आपली भाकरी! कमीत भागवता येते, हे ती आपल्याला रोज शिकवते.

४. आपल्या रस्त्यावर

बाबांचे सायकलस्वार भारताला भेटायला राज्याराज्यांतून गेले. तळवड्यात तर भारतच आपल्या दारी आला आहे. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा, केरळ, कुठकुठली माणसे येथे आणि चाकणच्या कारखान्यांत राबत आहेत. शिफ्ट सुटल्यावर ट्रक आणि कंटेनरच्या कडेने, अंधारात, डबा अडकवून सायकल दामटणारा कामगार आपण पाहतो. तो पर्यावरणासाठी सायकल चालवत नाही. परवडते ते तेवढेच, म्हणून चालवतो. त्याला निसर्गप्रेमाचा उपदेश करण्याची गरज नाही. हवा तो सर्वांत कमी बिघडवतो, धूर मात्र सर्वांत जास्त गिळतो, आणि आपल्या घाईमुळे जीव त्याचा धोक्यात येतो.

तेव्हा सायकल चालवणे हा शांतीचा एक मार्ग असेल, तर सायकलवाल्याला वाट देणे हा दुसरा. हॉर्न न वाजवता दोन मिनिटे त्याच्या मागे राहणे म्हणजेच सर्वांत मागच्या सायकलसाठी थांबणे. कन्याकुमारीला न जाताही ही यात्रा आपल्याला करता येईल.

कुटुंबात विचार करू या

१. आपल्या गल्लीत परराज्यातून आलेल्या किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत? त्यांच्यापैकी कोणाच्या घरी आपण कधी पाणी प्यायलो का?

२. रविवारच्या मिस्सेला शेजारची दोन कुटुंबे एकाच मोटारीने येऊ शकतील का? जवळ राहणारे चालत येऊ शकतील का?

३. घरातील मुले सायकल चालवत असतील, तर मागचा लाल दिवा आणि ब्रेक ठीक आहेत का? ती जथ्याने निघाली, तर शेवटी राहणारा मोठा माणूस कोण?

४. ओळखीच्या एखाद्या सायकलवाल्या कामगाराला तसाच एक दिवा आपण भेट देऊ शकतो का?