जुना संगणक मोडीत काढू नकोस गं

अगं, बाबांकडे नव्या लॅपटॉपच्या हप्त्यांचा विषय काढण्याआधी माझं जरा ऐकून घे. धुळ्याच्या घरातला तो दोन जीबी रॅमचा संगणक रखडतो, मान्य. विंडोज १० च्या नेहमीच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आणि ११ ला किमान चार जीबी लागते. पण तुझ्या बीसीएच्या पहिल्या वर्षाला ते यंत्र पुरेल, हे मी जबाबदारीने सांगते.

त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाक. लिनक्समध्ये पडद्यामागे तीन थर असतात. तळाशी एक्स. ही खिडक्यांची व्यवस्था एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झाली, आणि एक्स ११ आलं १९८७ मध्ये. त्यावर खिडक्या हलवणारा, त्यांना चौकटी देणारा विंडो मॅनेजर. त्याच्याही वर नोम किंवा केडीईसारखा अख्खा डेस्कटॉप. रॅम मुख्यतः हा वरचा थर खातो. वर्गातली मुलं म्हणतील, एक्स जुनाट झालं, वेलँड घे. क्रिस्टियान होग्सबर्गने २००८ मध्ये सुरू केलेलं वेलँड खरंच सुटसुटीत आहे. पण त्यावर नोमच चालवलंस तर दोन जीबीत हाल तेच. म्हणून तू डेस्कटॉपच काढून टाक. अँटीएक्स नावाचं हलकं लिनक्स घे, त्यात आइसडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर आयता मिळतो.

याहून कमी रॅमवरही भागतं. २००७ मध्ये कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेत मुलांना एक्सओ लॅपटॉप दिले होते. २५६ एमबी रॅम, ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. त्यातला मॅचबॉक्स नावाचा विंडो मॅनेजर एका वेळी एकच खिडकी पडदाभर दाखवायचा. तूही तसंच कर, एका वेळी एकच काम उघडं ठेव.

आता एक गोष्ट, जी तुला कुणी सांगणार नाही. हलकं म्हणून मिळेल ते घेऊ नकोस, आधी त्यात मराठी लिहून बघ. टायनी कोअर या लिनक्सची मूळ प्रत जेमतेम वीस-पंचवीस एमबीची, बघून हरखून जाशील. पण असे फार काटकसरी प्रोग्राम अक्षरं जुळवण्याचं कामच गाळतात. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये ‘जिल्हा’ लिहून बघ: वेलांटी ज च्या मागे जाते, ल चा पाय मोडलेला दिसतो. आपली भाषा अशी तुटकी दिसावी, हे मला अजिबात पटत नाही. लिहायला जीनी वापर, त्यात जोडाक्षरं नीट येतात. फॉन्ट लोहित देवनागरी टाक. टायपिंगसाठी आयबस लागेल, आणि तो आपोआप सुरू होत नाही. सुरुवातीच्या फाइलमध्ये त्याची ओळ तुलाच घालावी लागेल.

ब्राउझरबद्दल मात्र खोटी आशा देत नाही. दहा टॅब उघडलेस तर कुठलाही विंडो मॅनेजर तुला वाचवणार नाही. त्यावर उपाय म्हणजे रॅम वाढवणं. बोर्डावर डीडीआर दोन आहे की तीन, ते बघून कळव, इथे जळगावात गोलाणी मार्केटमध्ये जुनी पट्टी मिळते का ते मी बघते. प्रोसेसर ३२ बिटचा निघाला तर डेबियन १३ या लिनक्सचा नाद सोड, त्यांनी ३२ बिटचा इन्स्टॉलरच बंद केलाय. अँटीएक्स २३ ची ३२ बिटची प्रत चालेल.

आणि आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघ, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का. बाबांचे फोटो आणि सातबाऱ्याच्या फायली दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय हार्डडिस्कला हात लावायचा नाही.