विजेची मोटार आणि तिचे अर्थशास्त्र

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

हिरव्या पाटीची, आवाज न करता जाणारी मोटार आता आपल्याकडे नवलाईची राहिलेली नाही. तिच्याविषयी मात्र दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, पेट्रोलच्या मानाने ही मोटार जवळजवळ फुकट चालते. दुसरा म्हणतो, तिची किंमतच एवढी की पेट्रोलचे वाचलेले पैसे त्यात कधी भरून येत नाहीत. दोन्ही पक्षांजवळ आकडे असतात आणि गंमत अशी की, बहुधा दोघांचेही आकडे खरे असतात. हे कसे घडते, ते स्थिर खर्च आणि बदलता खर्च या आपल्या परिचयाच्या दोन कल्पनांच्या साहाय्याने पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

थोडा इतिहास

विजेवर मोटार चालवण्याची कल्पना पेट्रोलच्या मोटारीइतकीच जुनी आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. बेल्जियमचा कामिय जेनात्झी याने १८९९ साली पॅरिसजवळ हा विक्रम केला. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, फोर्डच्या कारखान्यातून १९०८ पासून स्वस्त मोटारी बाहेर पडू लागल्या आणि १९१२ मध्ये बटणावर सुरू होणारे इंजिन आल्याने दांडा फिरवण्याचा त्रासही संपला. जड आणि अल्पजीवी बॅटरीच्या ओझ्याखाली विजेची मोटार मागे पडली.

तिला पुन्हा जीवदान मिळाले ते लिथियम-आयन बॅटरीमुळे. ही बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात बंगळूरची 'रेवा' ही छोटी मोटार २००१ मध्येच रस्त्यावर आली होती. पण तिच्यात शिशाची बॅटरी होती. सर्वसाधारण कुटुंबाने विचार करावा अशा मोटारी आपल्याकडे आल्या त्या २०२० नंतर. टाटांची 'नेक्सॉन' जानेवारी २०२० मध्ये विजेवर आली, तर त्यांचीच 'टियागो' २०२२ मध्ये साडेआठ लाखांच्या आत सुरू होणाऱ्या किमतीत आली.

बॅटरी म्हणजे युनिटांची टाकी

बॅटरीचे माप किलोवॉट-तासात सांगतात. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या लाइट बिलावरचा एक युनिट. 'टियागो'ची मोठी बॅटरी २४ किलोवॉट-तासांची आहे, म्हणजे तिच्या टाकीत २४ युनिट मावतात. लहान मोटार एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते. एवढे कळले की जाहिरातीतील पल्ल्याचा आकडा स्वतः तपासता येतो. जाहिरातीतील पल्ला ठरावीक चाचणीतला असतो. प्रत्यक्षात वातानुकूलन, भरधाव वेग आणि घाट त्यातून आपापला वाटा काढून घेतात. खंडाळ्याचा घाट चढताना बॅटरी झरझर उतरते. उतरताना मात्र चाकांच्या गतीवर मोटरच जनित्रासारखी फिरते आणि खर्च झालेल्या विजेचा काही भाग परत मिळतो. पेट्रोलच्या मोटारीत ही शक्ती ब्रेक तापवण्यात वाया जाते. विजेची मोटर मिळालेल्या शक्तीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक शक्ती कामी लावते. पेट्रोलचे इंजिन जेमतेम २० ते ३० टक्के. चालवण्याचा खर्च कमी येतो त्याचे मूळ येथे आहे.

चार्जिंगच्या तीन रीती

पहिली रीत घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगची. त्यातून सुमारे तीन किलोवॉट शक्ती मिळते, म्हणून २४ युनिटांची बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. रात्री लावावी, सकाळी काढावी. दुसरी रीत भिंतीवर बसवायच्या सात किलोवॉटच्या चार्जरची. त्यात वेळ निम्म्याहून कमी होतो, पण घराचा मंजूर वीजभार बहुधा वाढवून घ्यावा लागतो. तिसरी रीत सार्वजनिक केंद्रावरील जलद चार्जिंगची. तेथे लहान मोटारीची बॅटरी तासाभरात ८० टक्क्यांपर्यंत भरते. शेवटचे २० टक्के भरताना बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी वेग मुद्दाम कमी केलेला असतो, म्हणून प्रवासात ८० टक्क्यांवर निघणे शहाणपणाचे.

किंमत आणि करसवलती

शासनाने या मोटारीला करात बरीच सूट दिली. १ ऑगस्ट २०१९ पासून तिच्यावरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणाने मोटार वाहन कर माफ केला आणि पहिल्या १०,००० मोटारींना दीड लाखापर्यंत अनुदान देऊ केले. २०२५ च्या धोरणानुसार अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग येथे पथकर माफ झाला. उलट, मोटारीच्या कर्जावरील व्याजाला आयकरात मिळणारी दीड लाखाची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल मोटारींवरील कर २८ टक्के अधिक उपकर यांवरून १८ टक्क्यांवर उतरला, त्यामुळे दोघींच्या करांतील अंतरही कमी झाले.

हिशेब

आता प्रत्यक्ष गणित मांडू. पुढील आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून तो पुन्हा करावा. समजा, सारख्याच सोयींच्या पेट्रोल व विजेच्या मोटारींच्या किमतीत ३ लाख रुपयांचे अंतर आहे. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि मोटार लिटरमागे १६ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. विजेची मोटार, चार्जिंगमधील गळती धरून, मीटरवरच्या एका युनिटमागे ६ किलोमीटर जाते. घरची वीज १२ रुपये युनिट धरली तर किलोमीटरला २ रुपये पडतात. सार्वजनिक केंद्रावर यंत्राचा, जागेचा आणि १८ टक्के कराचा भार धरून युनिट २४ रुपयांना पडले, तर किलोमीटरला ४ रुपये.

तेव्हा घरी चार्जिंग करणाऱ्याची किलोमीटरमागे साडेचार रुपये बचत होते, बाहेर करणाऱ्याची अडीच रुपये. ३ लाखांचे अंतर भरून निघायला पहिल्याला सुमारे ६७,००० किलोमीटर आणि दुसऱ्याला १,२०,००० किलोमीटर मोटार चालवावी लागेल. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्या नोकरदाराच्या भाषेत सांगायचे तर पहिल्याला साडेपाच वर्षे, दुसऱ्याला दहा वर्षे. वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्या भाड्याच्या मोटारीला हीच मुदत अनुक्रमे सव्वादोन आणि चार वर्षे. वर्षाला ६,००० किलोमीटरच फिरणाऱ्याला अकरा आणि वीस वर्षे!

यात संधी खर्च अजून आलेला नाही. जास्तीचे ३ लाख रुपये ९ टक्के व्याजाने काढले असतील तर वर्षाचे व्याज २७,००० रुपये होते. आपल्या नोकरदाराची घरच्या चार्जिंगवरील वार्षिक बचत ५४,००० रुपये. व्याज देऊनही निम्मी उरते. बाहेर चार्जिंग करणाऱ्याची बचत ३०,००० रुपये. व्याज वजा जाता त्याच्या हाती वर्षाला ३,००० रुपये उरतात. मोटार तीच, रस्ता तोच, चालवणाराही तसाच. फरक फक्त मोटार रात्री कोठे उभी राहते याचा.

देखभालीत विजेची मोटार सरस आहे. तिला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, ब्रेकही कमी झिजतात. उलट किंमत जास्त असल्याने विम्याचा हप्ता वाढतो. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत देतात. म्हणून ज्याची भरपाईची मुदत आठ वर्षांच्या पलीकडे जाते, त्याने दोनदा विचार करावा.

स्थिर खर्चाची ही धास्ती ओळखून एक वेगळी योजनाही निघाली. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली एम. जी. कंपनीची 'विंडसर' बॅटरीखेरीज ९.९९ लाखांना आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये अशी देऊ केली होती. म्हणजे स्थिर खर्चाचा एक तुकडा काढून तो बदलत्या खर्चात घातला. आपल्या हिशेबातील २ रुपयांची वीज त्यात मिळवली तर किलोमीटरला साडेपाच रुपये होतात. सुरुवातीला हलके वाटणारे ओझे चालताना जड होते, हे येथे सहज दिसते.

सीमांत युनिटाचा दर

घरच्या विजेचा दर १२ रुपये धरला, त्यातही एक खोच आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटांपर्यंत एक, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. महिन्याला १,००० किलोमीटरसाठी सुमारे १६७ युनिट लागतात आणि ते नेहमी आधीच्या वापराच्या वर चढतात. ज्या घरात आधीच ३०० युनिट जळतात, तेथे मोटारीचे सगळे युनिट तिसऱ्या टप्प्यात पडतात. म्हणून बिलाचा सरासरी दर पाहून हिशेब करणे चुकीचे. पाहायचा तो सीमांत दर. तो १५ रुपये निघाला तर किलोमीटरचा खर्च अडीच रुपये होतो. विद्युत नियामक आयोगाने चार्जिंगसाठी वेगळा दर ठेवला आहे. त्यासाठी स्वतंत्र मीटर परवडतो का, हे मोटार घेण्याआधी विचारून घ्यावे.

जागेचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. घरी चार्जिंग म्हणजे काय? स्वतःची मोटार उभी करायला हक्काची जागा आणि तेथपर्यंत आपल्या मीटरची तार. बंगल्यात राहणाऱ्याला हा प्रश्नच नाही. सदनिकेत राहणाऱ्याचा मीटर एकीकडे आणि मोटार दुसरीकडे असते. तार ओढायला गृहनिर्माण संस्थेची संमती लागते, आणि सुरक्षिततेची शंका व खर्चाची वाटणी यांवर सभा अडतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये असलेल्या जोडणीवरच घरी चार्जिंग करता येईल असे स्पष्ट केले आणि राज्याच्या २०२१ च्या धोरणात नव्या निवासी इमारतींत किमान २० टक्के वाहनतळ चार्जिंगयोग्य असावेत असे म्हटले. पण चाळी, वाडे, जुन्या इमारती यांत राहणारे लोक मोटार रस्त्याच्या कडेलाच लावतात. त्यांच्यासाठी दुप्पट दराची सार्वजनिक वीज हाच मार्ग उरतो.

याचा अर्थ असा की, करसवलत सर्वांना सारखी दिसली तरी तिच्यावर उभा राहणारा खरा फायदा जागेच्या मालकीप्रमाणे वाटला जातो. ज्याच्याजवळ जागा आहे त्याला इंधनही स्वस्त मिळते. आणखी एक सामाजिक खर्च विसरता येत नाही. आपल्या राज्याची बरीचशी वीज अजून कोळशावर होते. लक्ष्मी रस्त्यावरचा धूर कमी होईल हे खरे, पण त्याचा काही भाग चंद्रपूरच्या धुराड्यातून बाहेर पडेल.

समारोप

या विवेचनावरून विजेची मोटार घेऊ नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. रोज बरेच अंतर जाणाऱ्याने आणि रात्री घरी चार्जिंगची सोय असणाऱ्याने ती जरूर घ्यावी. भाड्याच्या मोटारी चालवणाऱ्यांना तर तिचा सर्वांत जास्त लाभ आहे. आणि त्यांच्यापैकीच अनेकांजवळ स्वतःची वाहनतळाची जागा नसते. म्हणून शासनाने यापुढे अनुदानाचा रुपया मोटारीच्या किमतीवर खर्च करण्यापेक्षा जुन्या वस्त्यांच्या रस्त्यांवर, रिक्षा-टॅक्सी थांब्यांवर रात्रीच्या संथ आणि स्वस्त चार्जिंगची सोय करण्यावर खर्च करावा असे वाटते. संथ चार्जरला महाग यंत्र लागत नाही. लागते ती जागा, मीटर आणि इच्छा. मोटार घेऊ पाहणाऱ्यानेही दुकानात किंमत विचारण्यापूर्वी घरी एक प्रश्न विचारावा: आपली मोटार रात्री कोठे उभी राहणार आहे?