सागरतळावरील नेत्रहीन कोळंबी

कोळंबी हा किनारपट्टीवरील जनतेच्या नित्य परिचयाचा जीव होय. गोव्यात आपण तिला सुंगट म्हणतो. खाड्या, खाजणे व उथळ समुद्र ही तिची ओळखीची वसतिस्थाने. परंतु जेथे सूर्याचा किरणही पोहोचत नाही अशा हजारो मीटर खोलीवरही कोळंबीच्या काही जाती नांदतात, असे संशोधनाअंती आढळून आले आहे.

उष्ण झरे : १९७७ साली पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटांजवळ सागरतळावरील उष्ण झऱ्यांचा शोध लागला. तळाच्या भेगांतून झिरपलेले पाणी तप्त खडकांमुळे तापते आणि धातू व गंधकयुक्त द्रव्ये घेऊन वर उसळते. काही झऱ्यांचे तापमान ३५० अंश सेल्सिअसपर्यंत असते; प्रचंड दाबामुळे ते पाणी उकळत नाही. थंड पाण्याशी संपर्क येताच ही द्रव्ये साचून धुराड्यासारखे स्तंभ तयार होतात.

कोळंबीचा शोध : १९८५ साली अटलांटिक महासागराच्या मध्यवर्ती पर्वतरांगेवर, सुमारे ३,६०० मीटर खोलीवर, अशा स्तंभांभोवती कोळंबीचे थवे दिसले. १९८६ मध्ये त्या जातीस 'रिमिकॅरिस एक्सऑक्युलाटा' हे नाव देण्यात आले. तिला नेहमीसारखे डोळे नसतात. मात्र पाठीवर मंद प्रकाश टिपणारे एक इंद्रिय असते. तिच्या कल्ल्यांच्या पोकळीत असंख्य जिवाणू वाढतात. झऱ्यातील रासायनिक द्रव्यांपासून ते अन्न निर्माण करतात व त्यावर तिचे पोषण होते. सूर्यप्रकाशावाचून चालणारी ही अन्नसाखळी होय.

हिंदी महासागरात : ऑगस्ट २००० मध्ये जपानी संशोधकांना 'काइको' या मानवरहित यानाच्या साहाय्याने हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, सुमारे २,४५० मीटर खोलीवर, असाच झरा सापडला. तेथील कोळंबी निराळ्या जातीची ठरून २००२ मध्ये तिचे 'रिमिकॅरिस कायरेई' असे नामकरण झाले.

संरक्षणाचा प्रश्न : एका झऱ्याभोवती ही कोळंबी हजारोंनी दिसते, म्हणून ती विपुल आहे असे मानणे योग्य नव्हे. असे झरे थोडे व परस्परांपासून दूर असतात, आणि ही कोळंबी त्यांवरच अवलंबून असते. याच स्तंभांत तांबे, जस्त, सोने व चांदी असल्याने खाणउद्योगाचे लक्ष तिकडे वेधले आहे. २०१६ साली भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागरातील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा खनिजांच्या शोधाचा अधिकार मिळविला. या कार्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा प्रमुख वाटा आहे. याच झऱ्यांवरील खवलेदार पायाच्या गोगलगाईची २०१९ साली संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत नोंद झाली. सागरतळावरील संभाव्य खाणकाम हे तिचे कारण.

खनिज काढण्यापूर्वी तेथील जीवसृष्टीची संपूर्ण गणना होणे अगत्याचे आहे. खाजणाचा बांध फुटला तर तो पुन्हा बांधता येतो. नष्ट झालेली जात पुन्हा निर्माण करता येत नाही. शिक्षकांनी अन्नसाखळीचा पाठ शिकविताना विद्यार्थ्यांस हे उदाहरण अवश्य सांगावे.