ऐतिहासिक कादंबरीची गोडी

विद्यार्थ्यांनो, रोह्याजवळचा अवचितगड तुमच्यापैकी काही जणांनी पाहिला असेल. दाट झाडीतून वाट वर चढते आणि माथ्यावरून कुंडलिका नदीचे खोरे दिसते. गडाच्या दक्षिणेकडील बुरुजावर एक शिलालेख आहे. त्यात आरंभी देवाचे नाव आहे आणि मग तिथी दिली आहे : शके १७१८, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. म्हणजे इ. स. १७९६ सालचा गुढीपाडवा.

एवढेच. हा दगड कोणी घडवला? तो गवंडी कोठून आला होता? सणाच्या दिवशी त्याच्या घरी कोण वाट पाहत होते? शिलालेख याविषयी काही सांगत नाही. इतिहास लिहिणारा माणूस तिथी उतरवून घेईल आणि पुढे जाईल. पुरावा नाही, तर तो बोलणार नाही. कादंबरीकार मात्र त्याच दगडापाशी बसेल. तो गवंड्याला नाव देईल, त्याला एक बायको देईल, किल्लेदाराशी त्याचे भांडण लावून देईल आणि तीनशे पानांनंतर तुमच्या डोळ्यांतून पाणी काढील.

इतिहासात घडलेल्या गोष्टींचा आधार घेऊन, त्यांत प्रेम, विरह, शौर्य आणि साहस मिसळून लिहिलेल्या कादंबरीला आपण ऐतिहासिक कादंबरी म्हणतो. ग्रंथालयात जाऊन पाहा. शिवलेली, कोपरे झिजलेली, पुन्हा पुठ्ठा घातलेली पुस्तके बहुधा याच कपाटात सापडतील. असे का व्हावे? या गोष्टींचा शेवट तर आपल्याला आधीच ठाऊक असतो! पानिपतावर कोण हरले, हे चौथीतला मुलगाही सांगेल. रहस्यकथेचा शेवट कोणी आधी सांगितला तर आपण चिडतो. येथे शेवट माहीत असूनही आपण पुस्तक खाली ठेवत नाही.

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ. इंग्रजी लेखक सर वॉल्टर स्कॉट याची 'वेव्हर्ली' ही कादंबरी १८१४ साली निघाली. जुने राजे, सरदार आणि किल्ले यांच्या कथा त्याने अशा रंगवल्या की साऱ्या युरोपात त्यांचे अनुकरण झाले. ते वारे आपल्या देशातही आले. मराठीत रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. ती १८७१ साली पुस्तकरूपाने निघाली. पण या कादंबरीला घराघरांत नेले ते हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी. पुण्यात १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. 'उषःकाल' ही त्यांची शिवकाळावरची कादंबरी त्यात क्रमाक्रमाने येत असे. एक प्रकरण वाचायचे आणि पुढच्या अंकाची वाट पाहायची!

आता गंमत पाहा. याच काळात लखनौचे अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) उर्दूत नेमके हेच करत होते. त्यांनी १८८७ साली 'दिलगुदाज' हे मासिक काढले आणि पुढच्याच वर्षी 'मलिकुल अजीज वर्जना' ही कादंबरी लिहिली. सुलतान सलाहुद्दीनच्या काळातली धर्मयुद्धे, मुस्लिम वीर आणि ख्रिस्ती तरुणी यांची ती कथा आहे. स्कॉटच्या 'टॅलिस्मन' या कादंबरीला उत्तर म्हणून ती लिहिली, असे सांगतात. म्हणजे आपटे आणि शरर हे वयाने जवळजवळ बरोबरीचे, दोघांचीही नियतकालिके, दोघांनाही स्कॉट ठाऊक. एक पुण्यात, एक लखनौत. तुमच्या दादाजानांच्या कपाटात शरर असतील आणि शाळेच्या कपाटात आपटे आहेत. ही दोन कपाटे एकमेकांना फार परकी नाहीत.

दोघांच्या वाचकांना हवे तरी काय होते? इंग्रजांचे राज्य होते. आपले राजे गेले, दरबार गेले, तलवारी खुंटीला लागल्या. अशा वेळी आपल्या पूर्वजांचा पराक्रम वाचला की मान ताठ होते. हे एक कारण झाले. पण ते पुरेसे नाही. नुसता पराक्रम तर बखरीतही आहे, आणि बखरी कोण आवडीने वाचतो?

खरे कारण मला 'स्वामी' या कादंबरीत दिसते. रणजित देसाई यांची ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थोरले माधवराव पेशवे सोळाव्या वर्षी गादीवर बसले. पानिपतचा घाव ताजा होता, खजिना रिकामा होता आणि घरात काका रघुनाथरावांशी कलह होता. त्यांनी राज्य सावरले आणि सत्ताविसाव्या वर्षी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, थेऊर येथे क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. हा झाला इतिहास. देसाईंनी त्यात रमाबाईंना पुढे आणले. नवरा कर्नाटकाच्या मोहिमेवर आहे, महिनोन्‌महिने खलित्याखेरीज खबर नाही, आणि वाड्यात एक तरुण स्त्री वाट पाहत आहे. इतिहासाच्या कागदांत मोहिमेचा खर्च सापडतो. वाट पाहण्याचा हिशेब कोणी लिहून ठेवत नाही. तो कादंबरीकार मांडतो.

आपल्या भागातल्या मुलींना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पेण, रोहे, म्हसळे, श्रीवर्धन येथील कित्येक घरांतले वडील किंवा भाऊ कुवेतला, दुबईला किंवा जहाजावर असतात. दोन वर्षांनी एकदा येतात. अम्मी काही बोलत नाही, पण टेलिफोन वाजला की हातातले काम टाकून उठते. अशा घरातली मुलगी रमाबाईंचे प्रकरण वाचते तेव्हा ती पेशव्यांचा इतिहास वाचत नसते. तिला ते आपल्याच घरातले वाटते. अडीचशे वर्षांपूर्वीची राणी आणि रोह्यातली अम्मी एकाच खिडकीशी उभ्या दिसतात. शेवट माहीत असूनही आपण वाचतो ते यासाठी. पुढे काय झाले, हे आपल्याला नको असते. ते घडताना त्या माणसांना कसे वाटले, हे हवे असते.

येथे एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. माधवरावांच्या मागे रमाबाई सती गेल्या. कादंबरी वाचताना तो प्रसंग मोठा उदात्त वाटतो, हृदय भरून येते. पण सती जाणे म्हणजे जिवंत माणसाने जळून मरणे. गोड भाषा भयंकर गोष्टीवरही शेला पांघरू शकते. डोळे पुसून झाल्यावर हे आठवावे.

पुरावा कमी असला की कादंबरीकाराला किती मोकळे रान मिळते, हे मस्तानीवरून कळते. मस्तानीने विडा खाल्ला की तिच्या गोऱ्या गळ्यातून उतरणारा रस दिसे, ही आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. तिच्याविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत, कागद थोडे. पहिल्या बाजीरावाशी तिचा संबंध पुण्यातल्या कुटुंबाला मान्य नव्हता, तिला कैदेत ठेवले होते, १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव रावेरखेडीस वारला आणि त्याच साली तीही गेली, इतके ठाऊक आहे. ती कशी मेली? कोणी म्हणतात विष घेतले, कोणी म्हणतात दुःखाने प्राण सोडला. इतिहासकार दोन्ही मते नोंदवून गप्प बसू शकतो. कादंबरीकाराला तशी सोय नाही, त्याला एक मृत्यू निवडावाच लागतो. ना. सं. इनामदार यांनी 'राऊ' (१९७२) या कादंबरीत ही प्रेमकथा लिहिली. २०१५ सालचा 'बाजीराव मस्तानी' हा चित्रपट तिच्यावरूनच निघाला. मस्तानीची कबर पुणे जिल्ह्यात पाबळ येथे आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि जखमांनी मेला. हे कल्पित नाही.

तुम्ही उर्दू माध्यमाचे विद्यार्थी. मराठी पुस्तक उघडताना तुम्ही थोडे बिचकता, हे मी रोज पाहतो. पण ऐतिहासिक कादंबरी उघडा. फौज, खजिना, तोफखाना, दरबार, मुलूख, फर्मान, सरदार, शिलेदार! शब्द दारातच तुम्हाला ओळखतात. खुद्द 'पेशवा' हा शब्द फारसी आहे. 'फडणवीस' आणि 'चिटणीस' यांतला 'नवीस' म्हणजे लिहिणारा, हे तुमच्या शेजारच्या शाळेतल्या मुलांना शिकवावे लागते, तुम्हाला नाही. मात्र जपून. काही शब्दांनी मराठीत येऊन वेश पालटला आहे. 'खलबत' म्हणजे मराठीत गुप्त मसलत. तुमच्या 'खल्वत'मधला एकांत येथे कारस्थानाला बसला आहे. आणि 'मावळ्यांनी शिकस्त केली' असे वाचून एका मुलाने वहीत लिहिले, 'मावळे हरले'. सारा वर्ग हसला. मराठीत 'शिकस्त करणे' म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा करणे. मावळे हरले नव्हते, जीव तोडून लढत होते.

दरवर्षी कोणीतरी आणखी एक प्रश्न विचारतो. तो मी टाळत नाही. "सर, या कादंबऱ्यांतला खान नेहमी दुष्टच का असतो?"

प्रश्न खरा आहे. पुष्कळ जुन्या कादंबऱ्यांत तो तसाच असतो : लाल डोळे, गडगडाटी हसणे आणि मनात कपट. अशी पाने वाचताना तुम्हाला टोचते, ते स्वाभाविक आहे. पण मग तुम्ही शररांचे पुस्तकही त्याच नजरेने उघडा. तेथे ख्रिस्ती सरदारांची काय अवस्था आहे? शूर तेवढे आपले, कपटी तेवढे त्यांचे. लेखक वाचकाला कोणत्या तरी एका छावणीत बसवतो आणि तेथूनच युद्ध दाखवतो. हा दोष एका भाषेचा नाही, या प्रकारच्या कथेचाच आहे. खलनायक जितका काळा, तितका नायक उजळ.

आणि सगळे लेखक सारखे नसतात. 'राऊ' लिहिणाऱ्या इनामदारांनीच १९७० साली 'शहेनशहा' ही कादंबरी औरंगजेबावर लिहिली आणि त्या बादशहाच्या मनात शिरून पाहिले. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) मध्ये इब्राहिमखान गारदी भेटतो. तो खराखुरा होता. मराठ्यांचा तोफखाना त्याच्याकडे होता. तो शेवटपर्यंत भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. उलट बाजूलाही पाहा. कोंढाण्यावर तानाजीशी लढणारा मोगलांचा किल्लेदार उदयभान हा खान नव्हे, रजपूत होता. त्या काळात कोण कोणाच्या चाकरीत होता, हे नावावरून ओळखता येत नाही.

कोंढाण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या वर्गातला एक खेळ सांगतो. वहीच्या पानावर दोन रकाने आखायचे, 'कागदात आहे' आणि 'कादंबरीत आहे'. आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' (१९०३) ही कादंबरी घ्या. प्रभातने १९३३ साली काढलेला 'सिंहगड' हा बोलपट हिच्यावरूनच बनला. तानाजी मालुसरे : पहिला रकाना. १६७० च्या फेब्रुवारीतली रात्र : पहिला रकाना. सती जायला निघालेली आणि उदयभानूने पळवलेली कमलकुमारी : दुसरा रकाना. कड्यावर चढणारी घोरपड पोवाड्यातून आली, म्हणून मुले तिला दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर बसवतात. आणि तानाजी पडला म्हणून गडाला सिंहगड नाव मिळाले, हे? त्याच्या मृत्यूच्या आधीच्या पत्रांतही सिंहगड हे नाव आढळते. हे सांगितले की वर्गात गलका होतो. मग कोणीतरी विचारतोच, "सर, कमलकुमारी खोटी, तर मग आम्हाला रडू का आले?"

शब्दार्थ
खलिता – राजपत्र, पत्राची थैली
बखर – जुन्या काळी लिहिलेली इतिहासाची हकिगत
आख्यायिका – लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट
मोकळे रान मिळणे – हवे ते करण्याची मुभा मिळणे
पराकाष्ठा करणे – शक्य तेवढे सर्व प्रयत्न करणे
रकाना – उभ्या रेघांनी आखलेला भाग

स्वाध्याय
१. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अवचितगडावरील शिलालेखातून काय कळते आणि काय कळत नाही?
(आ) हरि नारायण आपटे आणि अब्दुल हलीम शरर यांच्यात कोणते साम्य होते?
(इ) मस्तानीच्या मृत्यूविषयी इतिहासकार आणि कादंबरीकार यांची वाट वेगळी का होते?
२. पुढील शब्दांचे मराठीतील व उर्दूतील अर्थ शेजारी शेजारी लिहा : शिकस्त, खलबत, दौलत, राजीनामा.
३. पेण तालुक्यातील सांक्षी किल्ल्याच्या पायथ्याशी बद्रुद्दीन दर्गा आहे. घरातील वडीलधाऱ्यांना या जागेविषयी ऐकलेल्या गोष्टी विचारा व दोन रकान्यांत मांडा.
४. पाठाच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे तुमचे उत्तर आठ-दहा ओळींत लिहा.