मोतीबिंदू : पिकण्याची वाट कशासाठी?

वैद्यकशास्त्राच्या प्रगतीचा विषय निघाला की हृदयरोपणासारख्या थक्क करणाऱ्या शस्त्रक्रियांची आठवण प्रथम होते. परंतु ज्या शस्त्रक्रियेचा लाभ खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचला, ती आहे मोतीबिंदूची. तंत्र पूर्णपणे बदलले, तरी एक जुना सल्ला मात्र आजही कानी पडतो : “मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा.” मुदत ठेव मुदतपूर्तीपर्यंत ठेवण्यात शहाणपण असते, मोतीबिंदूच्या बाबतीत तसे नाही.

मोतीबिंदू म्हणजे काय?

डोळ्याच्या बाहुलीमागे एक नैसर्गिक भिंग असते. ते मुख्यतः पाणी व प्रथिने यांचे बनलेले असून प्रथिनांच्या सुबक रचनेमुळे पारदर्शक राहते. वाढत्या वयाबरोबर ही रचना विस्कटते आणि भिंग गढूळ होऊ लागते. मधुमेह, डोळ्यास झालेली इजा किंवा स्टेरॉइड औषधांचा दीर्घकाळ वापर यांमुळे ही क्रिया लवकर सुरू होऊ शकते. धूसर दिसणे, रंग फिके वाटणे, रात्री समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांनी डोळे दिपणे आणि चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलणे ही त्याची लक्षणे होत. काही वृद्धांना मधल्या काळात चष्म्याविना वाचता येऊ लागते. दृष्टी सुधारल्याचा हा आनंद अल्पकाळच टिकतो.

जुन्या सल्ल्यामागील कारण

गढूळ भिंग सुईने मागे ढकलण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील झाक दाव्हिएल यांनी भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करण्याचा उपाय शोधल्यावर रुग्णाच्या वेदना टळल्या. तरीही छेद मोठाच घ्यावा लागे. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून रुग्णास अनेक दिवस निजवून ठेवीत.

पिकलेले, कठीण भिंग अखंड निघत असे. कच्च्या भिंगाचे अंश मात्र डोळ्यात राहण्याची भीती असे. शिवाय भिंग काढल्यावर जाड काचांचा चष्मा अटळ होता. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत आणि जिना उतरतानाही पाऊल चुके. म्हणून दृष्टी जवळजवळ गेल्यावरच शस्त्रक्रिया करणे त्या काळी शहाणपणाचे होते.

भिंगाच्या जागी भिंग

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या अॅक्रिलिक आवरणाचे कण शिरल्याची उदाहरणे घडली. हे कण डोळा सहन करतो, असे ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांच्या ध्यानात आले. त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग बनवून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ते रुग्णाच्या डोळ्यात बसविले. समकालीन तज्ज्ञांचा विरोध दीर्घकाळ सोसावा लागला, तरी पुढे हीच पद्धत जगाने स्वीकारली.

१९६७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी श्रवणातीत ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याचे तंत्र विकसित केले. दातांवरील कीट काढण्याच्या उपकरणावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. यालाच ‘फेको’ म्हणतात. छेद सुमारे तीन मिलिमीटरवर आला. घडी घालता येणारी भिंगे आल्यावर टाक्यांची गरजही बहुधा उरली नाही, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला.

लाभ सर्वांपर्यंत

तंत्रज्ञान महाग राहिले तर त्याचा उपयोग मोजक्यांनाच होतो. मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर, १९७६ मध्ये, अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या या शल्यविशारदाने पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांवर मोफत उपचार करण्याची व्यवस्था उभारली. परदेशी भिंगे परवडत नसल्याने १९९२ मध्ये ऑरोलॅब ही संस्था स्थापन झाली. देशातच भिंगे तयार होऊ लागल्याने त्यांची किंमत पुष्कळ खाली आली. फेको यंत्राशिवाय, लहान छेदातून व बिनटाक्याची शस्त्रक्रिया करण्याची पद्धतही भारत व नेपाळमध्ये मोठ्या प्रमाणावर रुजली.

तरीही काम संपलेले नाही. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षे व त्यावरील व्यक्तींमधील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू हेच आढळले. उपाय उपलब्ध असूनही हे अंधत्व राहावे, ही खेदाची बाब होय.

आजचा योग्य सल्ला

वाचन, स्वयंपाक, वाहन चालविणे अशा दैनंदिन कामांत अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रियेचा विचार करावा. फार पिकलेले भिंग कठीण होते. ते फोडण्यास अधिक ऊर्जा लागते आणि बुबुळाच्या पारदर्शक पडद्यास इजा होण्याचा धोका वाढतो. क्वचित अतिपक्व भिंगातील प्रथिने पाझरून डोळ्यातील दाब वाढतो व दृष्टीची कायमची हानी होते. कोणत्याही थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील साखर व डोळ्याचा मागील पडदा तपासून घ्यावा. नंतर वेदना, लाली किंवा दृष्टी अचानक कमी होणे यांपैकी काही जाणवल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना भेटावे. काढलेला मोतीबिंदू पुन्हा होत नाही. काही काळाने कृत्रिम भिंगामागील पापुद्रा धूसर झाल्यास लेसर किरणांनी काही मिनिटांत तो मोकळा करता येतो.

घरातील वृद्ध, विशेषतः स्त्रिया, “आता या वयात कशाला?” म्हणून मंद दृष्टी मुकाट्याने सोसतात. त्यांची नेत्रतपासणी करून घेण्याचा पुढाकार कुटुंबीयांनीच घ्यावयास हवा. शास्त्राने आपले काम केले आहे. त्याचा लाभ वेळेवर घेणे एवढेच आता उरले आहे.