हिरवळीवरचे तण आणि फवारणीचा पंप

कीटकनाशक फवारण्याचा पंप आणि तणनाशक फवारण्याचा पंप दुकानात शेजारी ठेवले तर वेगळे ओळखू येत नाहीत. त्यांच्याकडून अपेक्षित काम मात्र उलटे असते. कीटकनाशकाला पानाच्या वरखाली पोचणारे बारीक तुषार लागतात. तणनाशकाचे थेंब जाडसर हवेत, ते ठरलेल्या पट्ट्यात सारखे पडायला हवेत, आणि पट्ट्याबाहेर गेलेले औषध नुसते वाया जात नाही, शेजारची झाडे बिघडवते. म्हणून मोठ्या हिरवळीसाठी पंप घेताना टाकी किती लिटरची आणि इंजिन किती ताकदीचे हे प्रश्न नंतरचे. आधी नोझल, मग दाब, मग फवारणाऱ्याची चाल.

बंगळूरच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावरच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत याचे चांगले प्रत्यंतर येते. कारखाने आणि नव्या निवासी संकुलांपुढे तिथे मोठमोठ्या हिरवळी राखलेल्या असतात. माती तांबडी; पाऊस मे महिन्यात एकदा हजेरी लावतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोर धरतो. पहिल्या सरींनंतर लव्हाळा, आंबुशी, दुधी, एकदांडी हे सगळे गवतातून डोके वर काढतात. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली अशी एक हिरवळ दोन एकरांच्या आतबाहेर होती. बाग सांभाळणाऱ्या कंत्राटदाराने काम लवकर उरकावे म्हणून उच्च दाबाचा एचटीपी पंप आणला, त्याला लांब पाइप आणि गन जोडली आणि २,४-डी हे तणनाशक फवारले. आठवडाभराने गवतावर पिवळ्या कमानी उमटल्या, कुंपणापलीकडच्या गुलाबांचे शेंडे पिळवटले, आणि लव्हाळा होता तसाच उभा राहिला.

तिन्ही गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत. गन अर्धवर्तुळात फिरवली जाते. दोन्ही टोकांना हात थांबून उलटा वळतो, तिथे औषध दुप्पट पडते. कमानी त्याच्या. एचटीपी पंप २० ते ४० बार दाबाने पाणी फेकतो. फळबागेत उंच झाडांसाठी ते सोयीचे, पण तणनाशकाला दीड-दोन बार पुरतात. दाब वाढला की थेंब फुटून बारीक होतात. १०० मायक्रॉनचा थेंब एक मीटर उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे चार सेकंद घेतो. ताशी १० किलोमीटरचा वारा तेवढ्या वेळात त्याला दहा मीटर दूर नेतो. सांगली-नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांना हे नव्याने सांगायला नको: शेजारच्या उसात २,४-डी मारले की द्राक्षाची पाने पंख्यासारखी आकसतात. राहिला लव्हाळा. २,४-डी मुख्यतः रुंद पानांच्या तणांवर चालते. लव्हाळ्याची वरची पात करपली तरी जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात. म्हणजे कमानी आणि गुलाब पंपाच्या खात्यावर, लव्हाळा औषधाच्या निवडीच्या खात्यावर.

हिरवळीसाठी बाजारात मिळणाऱ्या पंपांपैकी गन लावलेला एचटीपी आणि ब्लोअर हे दोन्ही आधीच बाजूला ठेवावेत. पाठीवरचा १६ लिटरचा हातपंप स्वस्त आणि दणकट असतो. त्याचा दोष एवढाच की दांडा मारण्याच्या लयीप्रमाणे दाब वरखाली होतो. लान्सला, म्हणजे हातात धरायच्या फवारणीच्या नळीला, दाब स्थिर ठेवणारा व्हॉल्व्ह बसवला की तो बराचसा जातो. १२ व्होल्टचा बॅटरी पंप हाताचे श्रम वाचवतो, पण दाब कमी-जास्त करण्याचे बटण नसलेला पंप तणनाशकासाठी घेऊ नये. स्वस्त पंपांत बॅटरी उतरत आली की दाबही उतरतो आणि शेवटच्या टाकीचे औषध कमी पडते. एका एकराच्या पुढे चाकांवर चालणारा, चार नोझलचा आडवा बूम असलेला पंप उत्तम. बूमची उंची एकदा ठरवली की ती माणसाच्या थकव्याप्रमाणे बदलत नाही.

नोझल सपाट पंख्यासारखा फवारा देणारे, म्हणजे फ्लॅट फॅन, असावे. बॅटरी पंपासोबत फुकट येणारी गोल फवाऱ्याची नोझले कीटकनाशकासाठी ठेवावीत. फ्लॅट फॅन नोझलांचे रंग त्यांच्या मापानुसार आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहेत: हिरवे ०१५, पिवळे ०२, निळे ०३, लाल ०४. निळ्या नोझलमधून दोन बार दाबाला मिनिटाला जवळजवळ एक लिटर पाणी बाहेर पडते. एक मीटर रुंद पट्टा धरून ताशी तीन किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ५० मीटर, या चालीने गेले तर गुंठ्याला सुमारे दोन लिटर पडतात. १६ लिटरची टाकी आठ गुंठ्यांना पुरते आणि एकराला पाच टाक्या लागतात. अर्धा-अर्धा मीटर अंतरावर चार हिरवी नोझले बसवलेला बूम तेवढेच पाणी दोन मीटरच्या पट्ट्यात टाकतो आणि वेळ निम्मा घेतो.

हे आकडे वाचून खरेदी करण्यापेक्षा मोजून बघणे बरे. दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे साधारण गुंठ्याचा चौकोन आखावा, टाकीत साधे पाणी मोजून घ्यावे, नेहमीच्या चालीने फवारावे आणि किती संपले ते पाहावे. फवारणारा बदलला की मोजणीही पुन्हा करावी, कारण चाल निम्मी झाली की औषध दुप्पट पडते. ‘एका पंपाला इतके झाकण’ हा दुकानातला सल्ला इथेच फसतो: तो पंप पाच गुंठ्यांवर संपणार की बारा, हे दुकानदाराला ठाऊक नसते. उसातील लव्हाळ्यासाठी वापरले जाणारे ७५ टक्के हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल एकराला फक्त ३६ ग्रॅम लागते, म्हणजे गुंठ्याला एक ग्रॅमहूनही कमी. तिथे झाकणाचे माप कामाचे नाही; छोटा वजनकाटा लागतो. औषध आपल्या जातीच्या गवताला सोसते का हे लेबलवर पाहावे आणि आधी एका कोपऱ्यात करून बघावे. सेंट ऑगस्टिनसारख्या रुंद पात्याच्या गवताला २,४-डी बाधते. ग्लायफोसेटने तर हिरवळच जळते, आणि ऑक्टोबर २०२२ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरताच मर्यादित केला आहे.

पट्टे चुकू नयेत म्हणून फक्कीच्या रेघा पुरेशा असतात. जून ते ऑगस्ट बंगळूरला पश्चिमेचा वारा जोरात असतो, तेव्हा सकाळी लवकर काम करावे. मात्र हिवाळ्यातली धुक्याची, अगदी निश्चल पहाटही टाळावी. त्या हवेत बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात.

पाण्याकडे सहसा कोणी बघत नाही. बोअरवेलचे जड पाणी २,४-डीच्या अमाईन क्षाराचा जोर कमी करते. हिरवळींना दिले जाणारे ‘एसटीपी’चे, म्हणजे प्रक्रिया केलेले सांडपाणी गाळामुळे नोझल तुंबवते. फवारणीला स्वच्छ पाणी घ्यावे आणि टाकीच्या तोंडाशी व नोझलमागे अशा दोन्ही ठिकाणी गाळणी असावी. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, तारेने टोचू नये. दात घासण्याचा जुना ब्रश पुरतो.

अंगावर गळणारा पंप कितीही स्वस्त मिळाला तरी नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे आणि संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे तेव्हा पुढे आली. बारीक तुषार उडवणाऱ्या पंपांचीही चर्चा झाली. हिरवळीवर फवारा गुडघ्याखाली राहतो, तरी पाठीवरची टाकी झिरपली की औषध थेट कातडीला लागते. झाकणाचा वॉशर, पाइपचे जोड आणि ट्रिगर पाणी भरून तपासावेत. हातमोजे, गमबूट आणि मास्क यांचा खर्च पंपाच्या किमतीतच धरावा.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढावा. २,४-डीचा अंश रबरी पाइपात मुरून राहतो; तीनदा धुतलेल्या पंपातूनही गुलाबांवर कीटकनाशक मारण्याची जोखीम घेण्यासारखी नाही. एक-दोन गुंठ्यांची हिरवळ असेल तर मुळात पंपच घेऊ नये, खुरपे बरे. एकरापर्यंत दाबाचे बटण असलेला १६ लिटरचा बॅटरी पंप आणि निळे नोझल, त्यापुढे चाकांचा बूम. खरेदीच्या वेळी दुकानातच टाकीत पाणी भरून नोझलखाली मोजपात्र धरावे आणि एक मिनिट पंप चालवून घ्यावा. त्याला नकार देणाऱ्या दुकानातून पंप घेऊ नये.